प्लेटभर कॉलनी, पण जनुक एकातही नाही: क्लोनिंग नक्की कुठे अडतंय?

शोधयात्री
नमस्कार मंडळी. तिसरा महिना सुरू आहे आणि एक साधं जनुक प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएमध्ये) बसत नाहीये.

जनुक सुमारे ९०० बेसजोड्यांचं, म्हणजे डीएनएच्या ९०० अक्षरांचं. पीसीआरने (नळीतच डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) वाढवलं. प्रायमरमधून (पीसीआर सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) एका टोकाला इको-आर-वनची जागा दिली, दुसऱ्या टोकाला एक्सबा-वनची; दोन्ही डीएनए कापणारे एन्झाइम. व्हेक्टर, म्हणजे जनुक ज्यात बसवायचं ते प्लाझ्मिड, आमच्याच लॅबमधल्या एका सीनियरने कधीतरी बनवलेला आहे, ५४०० बेसजोड्यांचा, अँपिसिलिन या प्रतिजैविकाला तोंड देणारं जनुक असलेला. जनुक आणि व्हेक्टर दोन्ही याच दोन एन्झाइमांनी कापले, जेलमधून (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा थर) कापून स्वच्छ केले, टी-फोर लायगेज (डीएनएची टोकं जोडणारा एन्झाइम) घालून १६ अंशांवर रात्रभर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी डीएच५-अल्फामध्ये (इ. कोलाय जिवाणूचा लॅबमधला वाण) घातले.

सकाळी इनक्युबेटर उघडला की प्लेटवर जिवाणूंच्या तीनशे-चारशे कॉलनी दिसतात. गोल, मलईच्या रंगाच्या, एकसारख्या. दर वेळी वाटतं की आज जमलं. आतापर्यंत ६४ कॉलनींचं मिनीप्रेप केलं, म्हणजे त्यांतलं प्लाझ्मिड काढून बघितलं. सगळ्यांत नुसताच व्हेक्टर.

सगळे म्हणतात की क्लोनिंगला नशीब लागतं, करत राहा. करत राहायला माझी ना नाही, पण तेच तेच करून वेगळं उत्तर कसं येणार? तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का?

गुलबक्षी
गेलेय, आणि पूर्ण वर्षभर. आधी एक मिठी घ्या.
माझा पहिला संशय लायगेजच्या बफरवर (सोबत घालायच्या द्रावणावर). त्यात लायगेजला ऊर्जा देणारं एटीपी असतं, आणि बाटली सारखी वितळवून गोठवली की ते मरतं. बफर आला की १०-१० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवायचा आणि एक नळी एकदाच वापरायची. मी हे शिकले तोवर पाच महिने गेले होते.

कणाकणाने
माझं मत वेगळं. कापाकापी सोडूनच द्या. गिब्सन पद्धत २००९ पासून उपलब्ध आहे. टोकांना २०-२५ बेसचा सारखा भाग ठेवायचा, ५० अंशांवर तासभर, काम झालं. व्हेक्टर पीसीआरने वाढवला की एन्झाइमांच्या जागांचा प्रश्नच उरत नाही.

पाणकणीस
रिकाम्या व्हेक्टरच्या कॉलनी येतायत म्हणजे तो स्वतःशीच जुळतोय. अल्कलाइन फॉस्फटेज लावा. टोकांवरचा फॉस्फेट काढून टाकला की व्हेक्टर एकटा बंद होऊ शकत नाही, त्याला इन्सर्टची (बसवायच्या जनुकाची) गरज पडतेच. आमच्याकडे सगळे डोळे झाकून लावतात.

निवृत्त_मास्तर
शोधयात्री, तीस वर्षं हेच शिकवलं, म्हणून हक्काने 'तू' म्हणतो.

कुठलाही सल्ला मानण्याआधी मला सांग, तुझ्या कंट्रोल प्लेट (तुलनेसाठी ठेवलेल्या प्लेट) काय म्हणतात? तू एकाच प्लेटबद्दल लिहिलंस. बाकीच्या कुठे आहेत?

शोधयात्री
मास्तर, खरं सांगते, पहिल्या दोन वेळा कंट्रोल ठेवले होते. मग पेशी कमी पडायला लागल्या म्हणून फक्त मुख्य प्लेट करत गेले.

निवृत्त_मास्तर
असं होतं. पेशी कमी असल्या की सगळ्यात आधी कंट्रोल कापले जातात. पण मुख्य प्लेट तुला फक्त जमलं की नाही एवढंच सांगते. का जमलं नाही, हे कंट्रोलच सांगतात. चार प्लेट कर, सगळ्या एकाच दिवशी, एकाच पेशींच्या तुकडीतून.

पहिली, पेशी आहेत पण डीएनए नाही. इथे काही उगवलं तर अँपिसिलिन मेलेलं आहे, किंवा आगर फार गरम असताना घातलंय. हाताला सोसेल इतकं, म्हणजे ५० अंशांच्या आसपास आल्यावरच ते घालायचं.

दुसरी, न कापलेला व्हेक्टर, अगदी थोडा. पेशी डीएनए आत घेतात की नाही ते ही प्लेट सांगते.

तिसरी, कापलेला व्हेक्टर, लायगेज नाही. सरळ, उघडा डीएनए इ. कोलायमध्ये टिकत नाही. म्हणून इथे जे काही उगवेल ते न कापता राहिलेल्या व्हेक्टरचं.

चौथी, कापलेला व्हेक्टर अधिक लायगेज, इन्सर्ट नाही. तुझा जीव या प्लेटमध्ये अडकलाय असा माझा अंदाज आहे. तिसरी आणि चौथी शेजारी शेजारी ठेवून बघ आणि आकडे इथे लिही.

नवखा_वाचक
मी या विषयातला नाही, पण धागा सोडवत नाही. वडिलांना इन्सुलिन चालू झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की हे जिवाणूंकडून करून घेतात. तेव्हापासून मनात आहे. प्लाझ्मिड म्हणजे नेमकं काय? आणि जिवाणू आपलं काम का करतात?

गुलबक्षी
नवखा_वाचक, चांगलं विचारलंत.

जिवाणूचा मुख्य डीएनए एक भलं मोठं वर्तुळ असतो. त्याशिवाय काही जिवाणूंकडे छोट्या वर्तुळाकार डीएनएच्या जादा बांगड्या असतात, तेच प्लाझ्मिड. हा शब्द जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये दिला. प्लाझ्मिडवर स्वतःची नक्कल सुरू करायची एक जागा असते, त्यामुळे पेशीच्या आत त्याच्या प्रती बनत राहतात. काहींच्या पेशीमागे चार-पाच, काहींच्या शेकडो. प्रतिजैविकाला तोंड देणारी जनुकं बहुतेकदा याच बांगड्यांवर असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात.

आपण करतो ते इतकंच: बांगडी एका ठरलेल्या जागी कापायची, आपलं जनुक मध्ये बसवायचं, सांधा जोडायचा आणि जिवाणूच्या आत सोडायचं. तो दर वीस मिनिटांनी एकाचा दोन होतो आणि आपलं जनुक त्याच्याबरोबर वाढतं. 'का करतात' याचं उत्तर: कारण आपण प्लेटमध्ये अँपिसिलिन घालतो. बांगडी असलेलाच जगतो, नसलेला मरतो.

अर्धवर्तुळ
गुलबक्षींनी छान सांगितलं, त्यात कात्रीची भर घालतो.

इको-आर-वन हा एन्झाइम इ. कोलायमधूनच मिळाला. तो डीएनएवर जी-ए-ए-टी-टी-सी ही सहा अक्षरं शोधतो आणि जी आणि ए यांच्यामध्ये कापतो. समोरच्या धाग्यावर तीच सहा अक्षरं उलट दिशेने वाचता येतात, त्यामुळे तिथेही तसाच काप बसतो, फक्त चार अक्षरं पुढे. म्हणून दोन्ही टोकांना ए-ए-टी-टी ही चार अक्षरं एकेरी लोंबकळत राहतात. अशी दोन टोकं जवळ आली की एकमेकांना धरतात, मग डीएनए बेडकाचा असो की माणसाचा.

जिवाणूंनी ही कात्री विषाणूंचा डीएनए कापायला ठेवलेली असते. स्वतःचा डीएनए कापला जाऊ नये म्हणून ते आपल्याकडच्या त्या अक्षरांवर मिथाइलचा छोटा गट चिकटवतात. या एन्झाइमांच्या शोधासाठी आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

पुढची गोष्ट मला फार आवडते. १९७२ मध्ये होनोलुलूला प्लाझ्मिडवर एक परिषद भरली होती. स्टॅनली कोहेन प्लाझ्मिड जिवाणूंत घालायचं काम करत होते, हर्बर्ट बॉयर यांच्याकडे इको-आर-वन होता. दोघं तिथे बोलले, आणि १९७३ मध्ये दोन प्लाझ्मिडांचे तुकडे जोडून जिवंत जिवाणूत चालवल्याचा त्यांचा निबंध आला. पीएससी१०१ हा त्यांचा व्हेक्टर, टेट्रासायक्लिनला तोंड देणारा. पुढच्याच वर्षी बेडकाचं जनुक इ. कोलायमध्ये गेलं.

कणाकणाने
आणि लगेच शास्त्रज्ञच घाबरले, हेही सांगा. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅसिलोमारला ते जमले आणि कुठले प्रयोग कुठल्या बंदोबस्तात करायचे ते स्वतःच ठरवलं. पुढाकार पॉल बर्ग यांचा, ज्यांनी १९७२ मध्ये दोन वेगळ्या विषाणूंचे डीएनए जोडले होते. स्वतःचंच काम थांबवून आधी विचार करायचा, याबद्दल मला त्या लोकांचा आदर वाटतो.

नवखा_वाचक
आणि इन्सुलिन? माणसाचं जनुक जिवाणूला वाचता येतं?

अर्धवर्तुळ
जसंच्या तसं नाही. माणसाच्या जनुकात मध्ये मध्ये प्रथिनासाठी न वाचले जाणारे तुकडे असतात, त्यांना इन्ट्रॉन म्हणतात. आपल्या पेशी आरएनए बनवल्यावर ते कापून टाकतात. जिवाणूकडे ती सोय नाही. म्हणून एकतर साफ झालेल्या आरएनएवरून उलट डीएनए बनवायचा, नाहीतर जनुक रासायनिक पद्धतीने अक्षर अक्षर जोडून तयार करायचं.

इन्सुलिनच्या वेळी दुसरा मार्ग घेतला. इन्सुलिनच्या दोन साखळ्या असतात, एक २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३० ची. दोघींची जनुकं वेगवेगळी बनवली, वेगवेगळ्या जिवाणूंत घातली, आणि नंतर दोन्ही साखळ्या बाहेर काढून एकत्र जोडल्या. हे १९७८ मध्ये झालं, आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. त्याआधी डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत. डुकराचं आपल्यापेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं, गाईचं तीन. आता काही कंपन्या जिवाणू वापरतात, काही यीस्ट.

नवखा_वाचक
वडिलांना हे वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "म्हणजे रोज सकाळी मी त्या लोकांचा आणि त्या जंतूंचा, दोघांचा आभारी आहे." धन्यवाद, अर्धवर्तुळ.

पाणकणीस
मूळ विषयाकडे. शोधयात्री, तुमच्या मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपक्यांचं कडं दिसतं का? मी एकदा शुक्रवारी ठेवलेली प्लेट सोमवारी उघडली. मध्ये एक टपोरी कॉलनी आणि भोवती टाचणीच्या टोकाएवढ्या शंभरेक. मी हरखून त्यातल्याच वीस उचलल्या आणि एकही द्रव माध्यमात वाढली नाही. मोठी कॉलनी बीटा-लॅक्टमेज बाहेर सोडते, भोवतालचं अँपिसिलिन संपतं आणि प्लाझ्मिड नसलेले जिवाणू त्या सावलीत उगवतात. १६-१८ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, किंवा कार्बेनिसिलिन वापरा, ते जास्त टिकतं.

शोधयात्री
नाही, माझ्या कॉलनी सगळ्या सारख्या आकाराच्या आहेत आणि द्रव माध्यमात छान वाढतात. त्यांतून प्लाझ्मिडही भरपूर निघतं, फक्त माझं जनुक नसतं.

मास्तर, चार प्लेट केल्या. आकडे:
डीएनए नाही: ०.
न कापलेला व्हेक्टर: मोजता येणार नाही इतक्या.
कापलेला, लायगेज नाही: ६.
कापलेला, लायगेज आहे, इन्सर्ट नाही: ३५०च्या वर.

गुलबक्षी
म्हणजे बफर निर्दोष आहे. लायगेज झकास काम करतंय. मी माझा सल्ला मागे घेते.

पाणकणीस
आणि माझा बरोबर ठरला! व्हेक्टर स्वतःशीच जुळतोय. फॉस्फटेज लावा.

निवृत्त_मास्तर
पाणकणीस, थांबा जरा. जुळतोय हे खरं. पण का जुळतोय ते विचारूया.

शोधयात्री, तुझे आकडे नीट वाच. लायगेज नसताना ६, म्हणजे जवळजवळ सगळा व्हेक्टर कुठेतरी कापला गेलाय. लायगेज घातल्यावर ३५०. आता इको-आर-वनचं टोक आणि एक्सबा-वनचं टोक एकमेकांना धरू शकतं का? पहिल्याचं ए-ए-टी-टी, दुसऱ्याचं सी-टी-ए-जी. नाही धरत. मग दोन्हींनी कापलेला व्हेक्टर एकटा बंद व्हायलाच नको. तो होतोय, याचा अर्थ त्याची दोन्ही टोकं सारखी आहेत. म्हणजे दोनपैकी एकाच एन्झाइमने कापलंय.

आणि जेलवर हे तुला कधीच दिसलं नसतं. दोन जागांमध्ये किती अंतर आहे?

शोधयात्री
३२ बेस.

निवृत्त_मास्तर
झालं तर. ५४०० मधून ३२ गेले काय आणि राहिले काय, जेलवर बँड (डीएनएचा पट्टा) एकाच जागी. तू दर वेळी तो बँड बघून "कापलं" म्हणालीस, आणि कापलेलं होतंच, फक्त एका जागी.

म्हणूनच फॉस्फटेजला थांबा म्हणालो. ते लावलं असतं तर चुकीचा व्हेक्टर बंद झाला नसता, पण तुझं इन्सर्टही त्यात बसलं नसतं, कारण त्याचं एक टोक इको-आर-वनचं आणि दुसरं एक्सबा-वनचं. मग प्लेट रिकामी मिळाली असती आणि तू आणखी तीन महिने दुसरीकडेच शोधत बसली असतीस.

आता न कापलेला, फक्त इको-आर-वन, फक्त एक्सबा-वन आणि दोन्ही, अशा चार लेन (जेलवरच्या रांगा) शेजारी शेजारी चालव.

पाणकणीस
पटलं, मास्तर. आम्ही डोळे झाकून लावतो ते का लावतो, हे आता लॅबमध्ये विचारणार आहे.

शोधयात्री
जेल आत्ताच बघितलं. हात थरथरतायत.

न कापलेल्याच्या लेनमध्ये खाली जोरदार बँड आणि वर एक फिकट. इको-आर-वनच्या लेनमध्ये ५४०० ला एकच रेखीव बँड. एक्सबा-वनच्या लेनमध्ये हुबेहूब न कापलेल्यासारखं चित्र, खाली जोरदार, वर फिकट. एन्झाइम नवीन मागवलेला आहे, आणि शेजारच्या मुलीचा व्हेक्टर तो व्यवस्थित कापतो.

कणाकणाने
एन्झाइम चांगला आहे आणि तुमचाच व्हेक्टर कापला जात नाही? एक्सबा-वनच्या जागेच्या लगेच पुढची दोन अक्षरं आणि लगेच मागची दोन अक्षरं लिहा बघू.

शोधयात्री
मागे सी-सी. जागा टी-सी-टी-ए-जी-ए. पुढे टी-सी.

कणाकणाने
सापडलं!

जागेची शेवटची दोन अक्षरं जी-ए आणि पुढची दोन टी-सी. जोडून वाचा: जी-ए-टी-सी. इ. कोलायमध्ये डॅम नावाचा एक एन्झाइम असतो, तो प्रत्येक जी-ए-टी-सीमधल्या 'ए'वर मिथाइल चिकटवतो. डीएच५-अल्फामध्येही तो असतो. त्या मिथाइलमुळे एक्सबा-वनला तिथे कापता येत नाही. शेजारच्या मुलीच्या व्हेक्टरमध्ये पुढची अक्षरं वेगळी असणार, म्हणून तिचा कापला जातो.

तुमचं पीसीआरचं जनुक मात्र व्यवस्थित कापलं गेलं असणार, कारण ते नळीत बनलं, त्यावर मिथाइल चढलेलंच नाही.

अर्धवर्तुळ
वा! वर मी लिहिलं होतं की जिवाणू मिथाइल लावून स्वतःचा डीएनए कात्रीपासून वाचवतो. डॅमचं पेशीतलं मुख्य काम वेगळं आहे, नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करताना जुना धागा कुठला ते त्यावरून ओळखतात. पण परिणाम बघा, तीन महिने एका मिथाइलने अडवून धरलं होतं.

निवृत्त_मास्तर
कणाकणाने, शाबास. उपाय सोपा आहे. व्हेक्टर डॅम नसलेल्या इ. कोलायमध्ये घाल, तिथून ताजं मिनीप्रेप कर, आणि तो डीएनए काप. पण दोन गोष्टी लक्षात ठेव.

एक, तो जिवाणू फक्त व्हेक्टर बनवण्यापुरता वापर. त्यात डीएनएच्या चुका जास्त होतात. जोडणी झाल्यावर नेहमीप्रमाणे डीएच५-अल्फातच घाल.

दोन, आणि इथे फसशील. जोडणी यशस्वी झाली तरी ते टी-सी व्हेक्टरच्या बाजूला आहे, ते तिथेच राहणार. डीएच५-अल्फात गेल्यावर ती जागा पुन्हा बंद होणार. तपासणीसाठी इको-आर-वन आणि एक्सबा-वनने कापलंस तर जनुक बाहेर पडणारच नाही. जमलेली कॉलनी तू रिकामी म्हणून फेकून देशील. कॉलनी पीसीआर कर, म्हणजे कॉलनीतल्या डीएनएवरच थेट पीसीआर.

गुलबक्षी
आणि एक छोटी गोष्ट. जेलमधून बँड कापताना अतिनील दिव्याखाली फार वेळ ठेवू नका, डीएनएला इजा होते आणि कॉलनी घटतात. पाती आधी हातात घ्यायची, मगच दिवा लावायचा.

कणाकणाने
मी अजूनही म्हणेन की पुढचं जनुक गिब्सनने करा. पण गिब्सन केली असती तर जनुक बसलं असतं आणि हे कधीच कळलं नसतं, हे मान्य. पुढे कोणीतरी तोच व्हेक्टर घेऊन याच जागी अडकलं असतं.

शोधयात्री
अकरा दिवसांनी लिहितेय.

डॅम नसलेल्या जिवाणूतून व्हेक्टर काढला. एक्सबा-वनच्या लेनमध्ये पहिल्यांदाच एकच रेखीव बँड, ५४०० ला. बराच वेळ नुसती बघत उभी होते.

मग जोडणी, मुख्य प्लेट धरून पाचही प्लेट एकाच दिवशी. इन्सर्ट नसलेली, लायगेज असलेली: ९ कॉलनी. इन्सर्ट असलेली: १४०. आठ कॉलनींचा पीसीआर केला, सातांत ९०० चा बँड. दोन सिक्वेन्सिंगला दिल्या होत्या, आज निकाल आला. एकीत एका अक्षराचा बदल आहे, दुसरी पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर.

मास्तरांचं ऐकलं नसतं तर ही कॉलनीही फेकली असती. उत्सुकता म्हणून इको-आर-वन आणि एक्सबा-वनने कापूनही बघितलं. जनुक खरंच बाहेर पडलं नाही.

निवृत्त_मास्तर
आज झोप शांत लागेल तुला. ग्लिसरॉल घालून उणे ८० ला दोन नळ्या ठेव, दोन वेगळ्या डब्यांत.

नवखा_वाचक
मला अर्धंच कळलं असेल, पण ताई, मनापासून अभिनंदन. वडील रोज विचारत होते, त्या मुलीचं झालं का म्हणून.

शोधयात्री
त्यांना सांगा, झालं. आणि मास्तर, नळ्या ठेवल्या. सीनियरने बनवलेल्या व्हेक्टरच्या नकाशाची फाइल उघडून त्या जागेशेजारी लाल अक्षरांत लिहिलं: "एक्सबा-वन इथे डॅममुळे बंद. डॅम नसलेल्या जिवाणूतून काढूनच कापा." मूळ नळीवरही तीच चिठ्ठी चिकटवली.